मुलांना अंथरूण दाखवा

पालकसभा संपली की वर्गाच्या दाराशी दोन-तीन जण रेंगाळतात. सगळ्यांसमोर न बोलता येणारं काहीतरी त्यांच्या मनात असतं. एकोणतीस वर्षं शिकवल्यावर हे रेंगाळणं मला लांबूनच ओळखू यायचं. द्वारका चौकाजवळच्या आमच्या शाळेत एकदा असेच एक दादा थांबले होते. द्वारका ते नाशिकरोड शेअर रिक्षा चालवायचे. बाकीचे पालक जिना उतरेपर्यंत ते भिंतीवरचा तक्ता वाचत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "मॅडम, सहलीचे पैसे पुढच्या महिन्यात दिले तर चालतील का? आणि तेवढं पोराला कळू देऊ नका."

मी "चालेल" म्हटलं खरं, पण माझा आवाज नीट फुटेना. कारण आदल्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचा मुलगा माझ्या टेबलाशी आला होता. "मॅडम, सहलीतून माझं नाव काढा. मला बसमध्ये उलटी होते. बाबांना सांगू नका." रोज सकाळी बापाच्या रिक्षात पुढे बसून शाळेत येणारं ते लेकरू. त्याला कसली उलटी होतेय! आदल्या रात्री बाबा गादीवर चिल्लर मोजत बसलेले त्याने पाहिले होते, एवढंच.

बाप पोरापासून लपवत होता, पोरगा बापापासून. दोघंही एकमेकांवरच्या मायेपोटीच लपवत होते. आणि एका खोलीच्या घरात, चार फुटांच्या अंतरावर झोपूनही दोघं एकेकटे होते.

पालकहो, आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ती याच गोष्टीविषयी. हात आखडता असतो तेव्हा घर कसं चालवावं हे मी तुम्हाला काय शिकवणार? ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. बाजारात शेवटची फेरी मारून भाजी घेणारी आई, सहा महिने बुटांना शिलाई मारून घेणारा बाप, हे कोणाकडून शिकत नाहीत. मला बोलायचंय ते मुलांबद्दल. आपण मुलांना उठता-बसता सांगतो की अंथरूण पाहून पाय पसरावेत. पण अंथरूण केवढं आहे ते त्यांना कधी दाखवतच नाही.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय, असं वाटू नये म्हणून आधी माझ्या घरचं सांगते.

२००२ साल असेल. माझे मिस्टर सातपूरला एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला. थोडीथोडकी नाही, चौदा वर्षांची नोकरी गेली. आम्ही तेव्हा काठे गल्लीच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पतसंस्थेचा हप्ता कापून माझ्या हातात पगार यायचा सहा हजार दोनशे. आम्ही दोघांनी ठरवलं, मुलांना कळू द्यायचं नाही. पुढचे चार महिने हे रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे. काम शोधायचे, नाही मिळालं की सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रं वाचत बसायचे आणि कारखाना सुटायच्या वेळेला घरी यायचे. डबा रिकामा असायचा. मुलांना वाटायचं, बाबा कामावर जातात.

मुलीच्या क्लासची फी भरायची होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी त्या क्लासला होत्या, म्हणून तो बंद करायचा नव्हता. मी ओळखीच्या एका बाईकडून बारा हजार रुपये घेतले, शेकडा पाचने. म्हणजे महिन्याला सहाशे रुपये व्याज. हे मी गणित शिकवणाऱ्या बाईने केलं! शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ, हे फळ्यावर दहा वेळा लिहिलेलं. पण अब्रू वाचवायची असली की गणित सुचत नाही.

एका संध्याकाळी ती बाई व्याज मागायला दारात आली. मी घरात नव्हते. दार मुलीने उघडलं.

त्या रात्री मी घरी आले तेव्हा मुलगी ओट्याला टेकून उभी होती. रागावलेली नव्हती. तिने फक्त विचारलं, "आई, आपण गरीब झालोय का? मग मला का नाही सांगितलं?" तिला वाटत होतं, आपल्यावर आई-बाबांचा विश्वास नाही. गरीब झाल्याचं तिला फारसं काही नव्हतं. आपल्याला घरातून वेगळं काढल्यासारखं तिला झालं होतं. इतकी वर्षं झाली, पण ओट्याशी उभी असलेली ती पोर डोळ्यांसमोरून जात नाही.

पुढच्या एक तारखेला आम्ही चौघं चटईवर बसलो. मुलांच्या मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून मी दर वर्षी एक रफ वही करायचे. तीच वही घेतली. पगाराच्या नोटा मध्ये ठेवल्या. मुलाला सांगितलं, तू मोज. त्याने दोनदा मोजल्या. मग एकेक ढीग बाजूला काढत गेलो आणि मुलगी लिहीत गेली. भाडं बाराशे. किराणा चौदाशे. दूध साडेचारशे. गॅस आणि लाइट साडेपाचशे. भाजी सहाशे. आजीची औषधं साडेतीनशे. शाळा, वह्या आणि बस मिळून चारशे. यांच्या कामाच्या शोधातल्या फिरण्याचे तीनशे. आणि व्याज सहाशे.

मुलीने पेन थांबवलं. "बाकी सगळ्याचं काही ना काही येतं. या सहाशेचं काय येतं?"

काही येत नाही, मी म्हटलं.

"आणि बारा हजारातले किती कमी होतात?"

काहीच नाही.

"मग आधी हेच संपवू ना."

माझ्या हातात पावणेतीन तोळ्यांच्या पाटल्या होत्या. तिच्या लग्नासाठी म्हणून मी त्यांना हात लावत नव्हते. आठवड्याभरात त्या सराफ बाजारात गेल्या, बारा हजार फिटले आणि पुढच्या महिन्यात वहीतली सहाशेची ओळ नव्हती. आम्ही दोघं शिकलेली, वयाने मोठी माणसं. जे आम्हाला चार महिन्यांत दिसलं नाही, ते आठवीतल्या पोरीला दहा मिनिटांत दिसलं, कारण तिच्या डोळ्यांवर अब्रूची झापडं नव्हती. त्याच रात्री तिने क्लासचं नावही खोडलं, मी न सांगता. मला रडू आलं, पण तो हिशेब तिचा होता.

धाकट्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता. त्याची मावशी जेलरोडला राहायची. तिकडे जाताना बसमधून प्रेसच्या उंच भिंती दिसतात. १९२८ पासून तिथे करन्सी नोट प्रेसमध्ये देशाच्या नोटा छापल्या जातात, हे नाशिकच्या पोराला चालता-बोलता कळतं. त्याने विचारलं, "आपल्याच गावात नोटा छापतात, तर बाबांना थोड्या जास्त का नाही देत?" मी म्हटलं, नोटा छापून शेतात गहू जास्त पिकत नाही रे. नोटा वाढल्या आणि गहू तेवढाच राहिला, तर गहूच महाग होतो. त्याला कितपत समजलं माहीत नाही. पण पुढे कितीतरी महिने तो गव्हाच्या पोत्याचा भाव वहीत स्वतः लिहायचा.

त्याच जेलरोडवर नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह आहे. 'श्यामची आई' तिथे लिहिली गेली. फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ तारखेला सुरू करून १३ तारखेपर्यंत, पाच दिवसांत साने गुरुजींनी ती पुरी केली. आपण ते पुस्तक मुलांच्या हाती देतो ते संस्कारांसाठी. मला मात्र त्यात कर्जात बुडत चाललेलं एक घर दिसतं, आणि त्या घराची सगळी हलाखी डोळ्यांनी बघत वाढणारा मुलगा दिसतो. त्या आईने आपली गरिबी श्यामपासून झाकली नाही. म्हणून तर तो खाऊचे पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो. कोट शीव, असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. घरात काय आहे आणि काय नाही, हे ठाऊक असलेल्या मुलालाच असं काही सुचतं.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, लहान वयात मुलांच्या डोक्यावर कशाला हे ओझं? बरोबर विचारताय. इथे फार जपायला हवं. हिशेब दाखवणं वेगळं आणि गाऱ्हाणं गाणं वेगळं. "तुझ्यासाठी आम्ही पोटाला चिमटा काढतो आणि तुला एवढेच मार्क?" हे वाक्य मी पालकांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय, आणि दर वेळी समोरच्या मुलाची मान खाली गेलेली पाहिलीय. मुलाला त्याच्या शिक्षणाची किंमत सांगा, पण ते कर्ज म्हणून त्याच्या नावावर मांडू नका. सावकाराची धमकी, नवरा-बायकोची पैशावरून भांडणं, उद्याची भीती, हे मोठ्यांचं आहे, ते मोठ्यांनीच पेलावं. मुलापुढे ठेवायचा तो आकडा आणि त्याच्यासोबत आपली शांत मुद्रा. दुसरीतल्या मुलाला एवढंच पुरतं की या आठवड्यात खाऊचे वीस रुपये आहेत, कशावर घालवायचे ते तू ठरव. सातवी-आठवीच्या मुलाला पूर्ण पान दाखवा.

आणि एकदा पान दाखवलं की मुलं किती मदत करतात, ते बघून तुम्हीच चकित व्हाल. लाइट बिलाचंच घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांना एक दर असतो आणि शंभर ओलांडले की पुढच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट. हे मुलाला एकदा बिल हातात देऊन समजावा आणि मीटर वाचायची जबाबदारी त्याच्यावर टाका. माझ्या वर्गातला एक मुलगा दर रविवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचा. महिन्याच्या पंचवीस तारखेला युनिट ब्याण्णववर गेलं की घरात सगळ्यांना टीव्ही बंद करायला लावायचा. आईने शंभर वेळा ओरडून जे झालं नसतं, ते त्याने खेळासारखं केलं.

बाजाराला जाताना त्यांना बरोबर न्या. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात नाहीतर भद्रकालीत, पिशवी त्याच्या हातात आणि पैसेही त्याच्याच हातात. शंभर रुपयांत आठवड्याची भाजी बसवायची. मेथीची जुडी पहिल्या गाड्यावर वीसला आणि चौथ्या गाड्यावर बाराला, हे त्याचं त्याला सापडू द्या. द्राक्षांच्या दिवसांत घड महाग असतो आणि सुटे मणी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. साखर तीच, रस तोच, फक्त देठ सुटलेला. नाशिकच्या मुलांनी द्राक्षं खावीत ती अशी, आणि ओंजळी भरून खावीत. एक मात्र मुलांशी जरूर बोला. कोथिंबीर कधी कधी दोन रुपयाला जुडी मिळते. तेव्हा आपल्या पिशवीला बरं वाटतं, पण निफाडचा नाहीतर सिन्नरचा कोणीतरी शेतकरी त्या दिवशी गाडीभाडंही न सुटता रिकाम्या हाताने परत गेलेला असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे काका-मामा तेच आहेत. तेव्हा मिळणारी स्वस्ताई घ्यावी, पण दोन रुपयाच्या जुडीवर आणखी घासाघीस करू नये. एवढी आब गरिबालाही राखता येते.

रेशनच्या रांगेचंही तसंच. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. पण आया मुलांना सांगतात, "कोणी विचारलं तर दळणाला गेले होते म्हण." असं का? ज्या धान्याची पोळी आपण सकाळी त्याच्या डब्यात देतो, त्या धान्याची लाज त्याला कशाला शिकवायची? त्याला रांगेत उभं करा. वजनकाट्यावरचा आकडा त्यालाच वाचायला सांगा.

काटकसर कुठे करू नये, हेही बोलायलाच हवं. मुलाच्या ताटात करू नका. रोज अंडं नसेल परवडत, तर शेंगदाणे-गूळ, मोडाची मटकी, नाचणीची भाकरी, ताक. चिप्सच्या पाच रुपयांच्या पुड्या चार दिवस घेतल्या की वीस रुपये होतात, तेवढ्यात घरी आणलेले फुटाणे अख्खा आठवडा पुरतात. दुखणं अंगावर काढू नका. आपल्या भागाला कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय जवळ आहे, जेनेरिक औषधांची दुकानं आहेत, आणि मोठं ऑपरेशन निघालंच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. त्यासाठीची कागदपत्रं आजच एका पिशवीत घालून ठेवा. घरं कर्जात जातात ती बहुधा दवाखान्याच्या दारातून, आणि त्या वेळी कागद शोधायला कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

शाळेच्या फीबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचंय, रागावू नका.

महिन्याला वीस-बावीस हजार कमावणारे आई-बाप, आणि मूल चाळीस-पन्नास हजार फीच्या इंग्रजी शाळेत. फीशिवाय गणवेश, बूट, बसभाडं, गॅदरिंगचे कपडे. इंग्रजी यावं ही तळमळ मला पूर्ण कळते. पण त्या शाळेत घरी अभ्यास घेणारं कोणी आहे हे गृहीत धरतात, आणि तुम्ही दोघं रात्री आठला घरी येता. मग ट्यूशन लागते, तिचे वेगळे पैसे. मूल वर्गात मागे आणि घर हप्त्यात. याउलट महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत मोफत, आणि आणखी एक गोष्ट जी फार थोड्या पालकांना ठाऊक असते. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. आई-वडिलांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलाची निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये त्याच्या खात्यात येतात. चार वर्षांचे ४८,०००. ही परीक्षा सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ती देताच येत नाही. म्हणजे तुम्ही फी भरून त्याची शिष्यवृत्तीची वाट बंद करता. माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्या पैशांतून बारावीपर्यंतचा सगळा खर्च भागवला, वर आईला शिलाई मशीनची मोटर घेऊन दिली.

खासगी शाळाच हवी असेल तर पहिलीच्या प्रवेशाआधी शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करा. आर्थिक दुर्बल गटासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख आहे. दाखले वेळेत लागतात, म्हणून ते दिवाळीतच काढायला टाका. मुलगी मोठी असेल तर हेही ध्यानात ठेवा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. "फी परवडणार नाही" म्हणून बारावीनंतर पोरीला घरी बसवण्याचं कारण त्या घरांपुरतं तरी उरलेलं नाही. आणि नोकरी धरावीच लागली, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच नाशकात आहे. कामावर जाऊन पदवी घेतलेले किती तरी आई-बाप मी पाहिलेत. मुलगा आणि आई एकाच टेबलावर अभ्यास करत बसलेले पाहिलेत.

वाचायला पैसे लागतात, हाही एक गैरसमज. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय द्वारकेवरून सारडा सर्कल, शालिमार करत चालत गेलं तर पाऊण तासावर आहे. यांनी बेकारीचे चार महिने तिथे काढले, असं वर सांगितलं ना? नंतर ते मुलांना तिथे घेऊन जायला लागले. जाताना तिघं चालत, येताना शेअर रिक्षाने, आणि रिक्षात बसायच्या आत पुस्तकाची दहा पानं झालेली. माझी मुलं त्या वर्षांबद्दल बोलतात तेव्हा तंगीबद्दल बोलत नाहीत, त्या चालण्याबद्दल बोलतात.

आता कर्ज. शेकडा दोन, शेकडा पाच, शेकडा दहा, ऐकायला किती लहान वाटतं! शेकडा दहा म्हणजे दहा महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. परवाना नसताना सावकारी करणं हा २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. तिथवर जायची वेळच येऊ नये. मोबाइलचा हप्ता, टीव्हीचा हप्ता, वाढदिवसासाठी हॉल आणि चार फुटांचा केक, यांपैकी एकही गोष्ट मुलाने मागितलेली नसते. शेजारच्याच्या मुलाने केलं म्हणून आपण करतो. मुलाला विचारून बघा, तो म्हणेल, घरी शिरा कर आणि चार मित्रांना बोलव.

बचत कशातून करणार, असं विचाराल. भिशी चांगली, पण ओळखीच्या, पाच-पंधरा वर्षं चाललेल्या भिशीतच पडा. ज्या ताईंच्या खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, त्यांनी त्यातले पाचशे बाजूला काढून पोस्टात आवर्ती ठेव उघडावी. महिन्याला शंभर रुपयांपासून ती उघडता येते. पाचशेप्रमाणे पाच वर्षांत भरले तीस हजार होतात आणि ६.७ टक्के व्याजाने हातात सुमारे ३५,७०० येतात. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं अडीचशे रुपयांत उघडतं. पासबुक कपाटात कुलपात ठेवू नका, मुलीच्या दप्तरात एक दिवस जाऊ द्या. तिला तिच्या नावाचं पान वाचू द्या.

त्या रिक्षावाल्या दादांचं पुढे काय झालं ते सांगते. मी दोघांचाही शब्द मोडला. दोघांना एका बाकावर बसवलं आणि दोघांचंही दोघांना सांगितलं. बाप बराच वेळ खाली बघत राहिला. मग त्याने खिशातली डायरी काढली. रोजचा गल्ला, गॅस, मालकाचं भाडं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. ती त्याने पोरापुढे उघडली. पोराने पानं उलटली आणि विचारलं, "गुरुवारी एवढे कमी का?" "पाऊस होता," बाप म्हणाला. त्या वर्षी तो मुलगा सहलीला गेला नाही. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी डायरी तो लिहायला लागला, आणि पुढच्या वर्षीच्या सहलीचे पैसे दोघांनी जूनपासूनच त्यात वेगळे मांडले.

येत्या एक तारखेला तुमच्या घरीही पगार होईल, गल्ला मोजला जाईल, नाहीतर शिलाईचे पैसे येतील. जेवणं झाली की चटई टाका. मुलांच्या जुन्या वहीतली चार कोरी पानं फाडून घ्या. मुलाला शेजारी बसवा आणि पेन त्याच्या हातात द्या.